पाचवी टाप

ही गोष्ट रात्रीची नाही. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही अमावास्या, पिंपळ आणि ओसाड विहीर शोधत बसाल. यात तसलं काही नाही. जे झालं ते भर दुपारी, माणसांच्या डोळ्यांदेखत झालं. जागा सोनपेठ, जिल्हा परभणी. बाजारतळाच्या कडेला लिंबाखाली एक पत्र्याचं शेड आहे. शेडच्या दारात शहाबादी फरशी आहे. फरशी अजून तिथंच आहे, जाऊन बघा.

ज्याच्या बाबतीत झालं तो माझा सख्खा मामा, बन्सीधर. मी आदिनाथ, परभणीत शिवणकामाचं दुकान चालवतो. गिऱ्हाइकाच्या पँटीत अर्ध्या इंचाचा फरक पडला तर मला जेवण गोड लागत नाही, असा माणूस मी. ऐकलेल्या गोष्टीला पदरचं काही जोडायची सवय मला नाही. यातलं बरंचसं मामानं सांगितलंय.

थोडं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय... आणि तेवढंच विसरता येत नाही.

मामा नालबंद. बैलांच्या खुरांना पत्र्या मारणं हे त्याचं रोजचं काम, आणि लग्नसराईत नवरदेवांच्या घोड्यांना नाल ठोकणं हे मानाचं. ही विद्या त्यानं खाजामियाँ उस्तादांकडून घेतली. उस्तादांना जाऊन आता पंधरा वर्षं झाली, पण त्यांची पद्धत मामानं सोडली नाही.

प्रत्येक घोड्याची एक काडी. तुरीची, वाळलेली, सरळ. खुरावरच्या केसांच्या रेषेपासून जमिनीपर्यंत खूर आतल्या अंगानं किती, बाहेरच्या अंगानं किती, हे काडीवर चाकूनं खाचा पाडून धरायचं. चार खुरांच्या खाचा एकाच काडीवर. आत-बाहेर सारखं भरलं की जनावराचं वजन सरळ खाली उतरतं. जवारीच्या दाण्याएवढा जरी फरक राहिला, तरी खूर आधी एका कडेवर टेकतो आणि मग दुसऱ्या. काडीला त्याच घोड्याच्या शेपटीचा केस गुंडाळायचा आणि ती आढ्याला खोचून ठेवायची. पुढच्या वेळी तीच काडी काढायची.

नाल ठोकून झाली की घोडं फरशीवरून चालवायचं. मामा तेव्हा पाठ फिरवून उभा राहायचा. डोळ्यानं नाही, कानानं बघायचं, असं उस्तादांनी शिकवलं होतं. ते म्हणायचे, "चार पैर, चार आवाज. पाचवा सुने तो घोडा रोक, बेटा."

तिरपा खूर दोनदा वाजतो. त्यामुळे चाराचे पाच होतात. साधी गोष्ट आहे, यात भूत नाही.

अजून एक नेम होता. घोडं मेलं की नालबंदानं त्याची काडी घेऊन तिथं जायचं. चार माणसांसमोर ती मेलेल्या जनावराच्या चारी खुरांना लावायची, मग मोडायची आणि जनावराबरोबर पुरायची. उस्ताद याला माप परत देणं म्हणायचे. माप परत दिलं नाही तर जनावर त्या मापावर उभंच राहतं, असं त्यांचं म्हणणं. मामाला ही म्हाताऱ्याची बडबड वाटायची. तरी तो दरवेळी जायचा.

फक्त एकदा गेला नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दत्तराव म्हणून एक जण लग्नाला घोडी देतो. त्याच्याकडे तेव्हा शेवंती नावाची पांढरीशुभ्र घोडी होती. दुपारी दोनला जवळच्याच एका गावात परण्या निघायचा होता. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेव घोडीवर बसून मारोतीच्या पाया पडायला जातो, तोच परण्या. नवरदेव सुग्रीव. कडूबाईचा एकुलता एक. बापाच्या माघारी मायलेकरांनी दहा वर्षं ऊस तोडला, तेव्हा कुठं हे लग्न उभं राहिलं होतं.

मामानं तीन खूर काडीनं मोजून तासले. चौथा राहिला होता, मागचा उजवा. दत्तरावचा फोन सारखा वाजत होता. बँडवाले येऊन थांबले होते. मामानं काडी बाजूला ठेवली आणि तो खूर नजरेनं तासला. तीस वर्षांचा हात, चुकेल कसा?

घोडी फरशीवरून गेली.

टक... टक... टक... टटक.

मामानं ऐकलं. वळून बघितलं तर दत्तराव घोडी घेऊन वीसेक पावलं पुढं गेला होता. हाक मारली असती तर थांबला असता. मामानं मनाशी म्हटलं, जाऊ दे, संध्याकाळी परत आणल्यावर कानस मारू. आणि त्यानं तंबाखू मळायला घेतली.

तीन वाजता मारोतीच्या उतारावर, ओढ्याच्या पुलावर, बँडच्या तालावर शेवंती नाचायला लागली. तिचा मागचा उजवा पाय कडेवरून निसटला. घोडी खाली, आणि तिच्याखाली सुग्रीव. हळदीच्या अंगानं गेला बिचारा. शेवंतीनं संध्याकाळपर्यंत जीव धरला, मग तीही गेली.

लोक म्हणाले, फटाक्यांची माळ लागली म्हणून घोडी बुजली. मामानंही मान डोलावली.

दत्तरावनं निरोप धाडला, बन्सीभाऊ, काडी घेऊन या. मामा गेला नाही. काडी सापडत नाही म्हणून कळवलं. काडी आढ्यालाच होती. पण ती सगळ्यांसमोर त्या चौथ्या खुराला लावली असती, तर खूर खोटा ठरला असता आणि मामा उघडा पडला असता. लोकांनी जेसीबीनं ओढ्याकाठी खड्डा काढून शेवंतीला पुरलं.

तिचं माप मामाकडेच राहिलं.

तीन वर्षं काहीच झालं नाही. मग गेल्या उन्हाळ्यात मामाच्या पोराचं, जीवनचं लग्न ठरलं. लग्नाचे कपडे मीच शिवले. दोन्ही पायांची उंची एक्केचाळीस इंच, हे माझ्या वहीत लिहिलेलं आहे. हे लक्षात ठेवा.

लग्नाला आठ दिवस असताना दत्तराव नवी घोडी घेऊन शेडवर आला. माळेगावच्या यात्रेतून आणलेली, तीही पांढरी. जीवनचा परण्या तिच्यावरच निघायचा होता. ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा बाजारतळावर फिरकत नव्हती. मामानं नवी काडी कापली. चारी खूर मोजले, तासले, परत मोजले. पोराचं लग्न, त्यात कसूर नको. आत-बाहेर केसाचा फरक नाही. नाल ठोकली आणि मामा पाठ करून उभा राहिला.

टक... टक... टक... टटक.

मामानं नाल उपटली. कानस मारली, काडी लावली. बरोबर. पुन्हा ठोकली, पुन्हा चालवली.

टक... टक... टक...

टटक.

दत्तरावला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. तो म्हणाला, "बन्सीभाऊ, ऊन लागलं का काय तुमाला? पानी प्या."

मामा पाणी प्यायला नाही. चुलीतली राख आणून त्यानं फरशीवर पसरली आणि घोडी पुन्हा एकदा चालवायला लावली. खूर कुठं आधी टेकतोय ते राखेत दिसलं असतं. घोडी गेली. मामा खाली वाकला.

पुढचे दोन ठसे होते. मागचा डावा होता.

मागचा उजवा... नव्हताच.

तिथली राख तशीच होती, अंथरल्यासारखी. आणि आवाज तर त्याच पायाचा दोनदा आला होता.

दत्तराव म्हणाला, वाऱ्यानं पुसला असंल. वारा कुठं होता? लिंबाचं पान हलत नव्हतं.

मग मामानं ते केलं, जे करायला नको होतं असं तो आता म्हणतो. त्यानं आढ्यातून शेवंतीची काडी ओढून काढली. केस अजून गुंडाळलेला होता. ती काडी त्यानं नव्या घोडीच्या खुरांना लावली. पुढचा डावा तंतोतंत बसला. पुढचा उजवा बसला. मागचा डावा बसला. कुठल्याही दोन घोड्यांची मापं अशी जुळत नाहीत, सख्ख्या बहिणींचीसुद्धा नाही.

मागच्या उजव्याला काडी लावली. बाहेरच्या अंगानं खूर कमी भरला... एक दाणा.

आत्ताच नव्या काडीनं तो बरोबर भरला होता. तीन वर्षं मामा त्या फरकाचा मनात अंदाज करत होता. किती असेल? अर्धा दाणा? दीड? आता तो समोर होता.

घोडीनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. पाय तिनं ओढून घेतला नाही, शांतपणे त्याच्या मांडीवर तसाच राहू दिला. मामा म्हणतो, तिनं लाथ मारली असती तर बरं झालं असतं.

त्यानं त्याच दिवशी सांगून टाकलं, घोडी नको, जीवन मोटारीतून जाईल. घरात गोंधळ उडाला. नालबंदाचं पोरगं आणि परण्याला घोडी नाही, म्हणजे हलवायाच्या घरी पाहुण्याला गूळ. मीही फोनवर चेष्टा केली, आता लाज वाटते. शेवटी मामानं मामीला, पार्वतीबाईला सगळं सांगितलं. तो वीस पावलांवरचा आवाज, ती तंबाखू, सगळं. म्हणाला, उद्या कडूबाईकडं जाऊन पाय धरतो.

मामीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आपल्या पोराच्या जीवावर आलं म्हून जायलाव. तवा का न्हाई गेलाव?"

 तरी तो गेला.

कडूबाई ओसरीवर तूर निवडत बसली होती. मामानं काडी तिच्यासमोर ठेवली आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. खडा एकीकडे, तूर एकीकडे.

"कितीक लांब गेली व्हती घोडी?" तिनं विचारलं.

"ईस पावलं, आक्का."

तिनं सुपातली तूर सारखी केली. "ईस पावलांवर हाक ऐकू जाती की."

तिनं अजून एक खडा वेचून बाजूला टाकला.

"एक हाक मारायची व्हती, बन्सीभाऊ. माझं पोरगं पायी गेलं आसतं. पायी चालायची लय सवय व्हती त्याला."

काडीला तिनं हात लावला नाही. ज्याचं माप त्याला द्या म्हणाली. मामा उठला तेव्हा तिनं जीवनच्या लग्नाचं विचारलं आणि सुखानं करा म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. मामा सांगतो, तिनं शिव्याशाप दिले असते तर मी मोकळा झालो असतो, पण तिनं दारापर्यंत येऊन चपला सरळ करून दिल्या.

तिथून तो ओढ्याकाठी गेला. पण तीन पावसाळ्यांत पुरानं काठ खाल्ला होता आणि कुणीतरी ट्रॅक्टर फिरवून जमीन सपाट केली होती. खड्डा नक्की कुठं होता, काही खूण नाही. लावायला खूर नाहीत, बघायला माणसं नाहीत. मामानं इकडून तिकडून बघून एक जागा धरली, काडी मोडली आणि पुरली.

जागा त्यानं नजरेनंच ठरवली. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो घरी पोचला होता.

दुसऱ्या दिवशी दत्तरावनं घोडी फरशीवरून चालवली. टक, टक, टक, टक. चार. राखेत चार ठसे. मामा मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. दत्तराव म्हणाला, बघा, उगाच घोर लावून घेतला. तरीही मामानं परण्याला घोडी येऊ दिली नाही. जीवन मोटारीतून मारोतीला गेला, अक्षता पडल्या, राजेश्री सून होऊन घरात आली. जेवणावळीला मीच बुंदी वाढली. मामा त्या दिवशी माझ्या पाठीवर थाप मारून हसला. ते त्याचं शेवटचं हसू मी पाहिलेलं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामा शेडमध्ये खिळे निवडत बसला होता. घर शेडच्या मागंच आहे, त्यामुळे जाणंयेणं फरशीवरूनच. जीवन बाहेर निघाला. मामाची पाठ होती.

टक...

टटक.

मामाच्या हातातले खिळे सांडले. त्यानं वळून बघितलं. जीवन नीट चालत होता, लंगडत नव्हता. नवा बूट असेल म्हणून मामानं बूट काढायला लावला. अनवाणी चालवलं. दोन पाय... आणि तीन आवाज.

परभणीला दाखवलं. फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, हाडं चांगली आहेत, पाय सारखे आहेत, पोराला त्रास नाही तर तुम्हाला कसला आहे? येताना दोघं माझ्या दुकानात आले. मी टेप लावली. एक्केचाळीस. दुसऱ्या पायाला लावली. एक्केचाळीस. मामा माझ्या हाताकडे बघत होता. तो हळूच म्हणाला, "माप बराबरच येतंय रे, आदिनाथ. नव्या घोडीचंबी बराबरच आलं व्हतं."

त्यानं काम सोडलं. आढ्यातल्या काड्या तशाच आहेत, घोडीवाले आता गंगाखेडला जातात. मामा दिवसभर शेडच्या दारात बसतो आणि जीवन बाहेर निघाला की हाक मारतो. जीवन, थांब. आधी पोरगं हसायचं, आता वैतागतं. पण थांबतं. मामा कान देऊन ऐकतो, मग जा म्हणतो. दिवसातून दहादा. काय ऐकतोस, असं मी विचारलं होतं. त्यानं सांगितलं नाही. राजेश्रीनं मात्र मामीला सांगितलं की हे घरी येतात तेव्हा पाऊल आधी आत येतं आणि माणूस मागून. मामीनं तिला गप्प केलं.

गेल्या रविवारी मी सोनपेठला गेलो होतो. जेवून दुपारी अडीचच्या एसटीसाठी निघालो. जीवन सोडायला निघाला. फरशी ओलांडून आम्ही रस्त्यावर आलो. सिमेंटचा रस्ता, माणूस नाही. पंधरा-वीस पावलं गेलो असू. मी बोलत होतो, पण खरं सांगायचं तर मोजत होतो.

मामानं मागून हाक मारली.

"थांबा रे."

आम्ही दोघं थांबलो. दोन माणसं, चार पाय. मी खाली बघून खात्री केली, चारही जमिनीवर होते.

आमच्या पुढं, दोन हातांवर, मोकळ्या रस्त्यावर...

टक.

मामा काय ऐकतो ते मला कळलं. जीवन थांबतो. ते थांबत नाही. ते एक पाऊल पुढं जाऊन उभं राहतं आणि त्याची वाट बघतं.

"काय झालं, दादा?" जीवननं विचारलं. मी काही नाही म्हणालो. मागं मामा पुन्हा हाक मारत होता, पण आवाज फाटला होता आणि जीवनला त्या हाकांची सवय झाली आहे. एसटी चुकंल म्हणाला, माझी पिशवी घेतली आणि पुढं चालायला लागला. ते जिथं उभं होतं, बरोबर तिथून.

त्याला थांबवावं असं मला वाटलं. तो वीस पावलंसुद्धा लांब नव्हता.

मी हाक मारली नाही. काय सांगून थांबवणार होतो? एसटीत बसलो आणि परभणीला आलो.

आज आठ दिवस झाले. सोनपेठहून फोन आला की माझ्या हातातली कात्री थांबते. मी फोन लगेच उचलत नाही, थोडा वेळ वाजू देतो.